अडचणीच्या काळात विकायचे काय, राखायचे काय?

राष्ट्रीयीकरण आणि खासगीकरण हे शब्द आता आपल्या समाजात कोणाला नवीन राहिलेले नाहीत. बँकेच्या संपाची किंवा एखादी सरकारी कंपनी विकल्याची बातमी आली की विहाराच्या आवारात त्यावर चर्चा होते आणि बहुधा दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे, सरकारने सारे विकले आणि आपल्या नोकऱ्या गेल्या. दुसऱ्या तटात तरुण मुले अधिक असतात. ती म्हणतात, सरकारी बँकेत तासन्‌तास रांगेत उभे करतात, खासगी बँकेत बसायला खुर्ची देतात, मग विकले तर बिघडले काय? आम्ही स्वतः सरकारी बँकेच्या काउंटरमागे बसतो, तेव्हा दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे हे आम्हाला माहीत आहे. परंतु एक गोष्ट दोन्हीकडून निसटते. राष्ट्रीयीकरण असो वा खासगीकरण, आपल्या देशातले हे मोठे निर्णय सुबत्तेच्या काळात शांतपणे झालेले नाहीत. बरेचसे आर्थिक संकटाच्या काळात झालेले आहेत. म्हणून कोणत्या संकटात कोणी काय घेतले आणि काय विकले, हे आपल्या विद्यार्थ्यांपुढे मांडावे असा आमचा विचार आहे.

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर करू. खासगी मालकीचा धंदा सरकारने कायदा करून आपल्या ताब्यात घेणे, हे राष्ट्रीयीकरण. सरकारने आपल्या कंपनीचे काही शेअर विकायचे पण निम्म्याहून अधिक स्वतःकडे ठेवायचे, ही निर्गुंतवणूक. यात भागीदार वाढतात, मालक तोच राहतो. निम्म्याहून अधिक हिस्सा आणि कारभार दुसऱ्याच्या हाती गेला की ते खासगीकरण. चौथा प्रकार असा की कंपनीवरची पाटी सरकारची, पण काम ठेकेदाराकडे. त्याला कंत्राटीकरण म्हणतात आणि त्याची बातमी सहसा पहिल्या पानावर येत नाही.

नाशिककरांना हे समजण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज नाही. नाशिक रोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालचा, त्याला लागून असलेला करन्सी नोट प्रेस १९२८ सालचा. हे दोन्ही केंद्र सरकारच्या खात्याचे कारखाने होते. २००६ साली ते एका महामंडळाच्या छत्राखाली गेले, पण त्याची पूर्ण मालकी सरकारकडेच राहिली. ओझरचा विमान कारखाना १९६४ सालचा. ती हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनी २०१८ साली शेअर बाजारात आली. बहुमताचा हिस्सा सरकारने राखला. गमतीची गोष्ट अशी की त्या वेळी विकायला काढलेल्या शेअरांचा मोठा भाग आयुर्विमा महामंडळाने घेतला, म्हणजे पैसा सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला आणि कागदोपत्री निर्गुंतवणूक झाली. आणि शहरातली बस पाहा. पूर्वी नाशिकची शहर बस एस.टी. चालवीत असे. जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. नाव आणि रंग महापालिकेचा, पण बसगाड्या, चालक आणि वाहक ठेकेदारांचे. पगार थकला म्हणून तेथील कामगारांनी काम बंद केल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

आता मूळ विषयाकडे येऊ.

१९६० च्या दशकात देशावर एकामागून एक संकटे आली. १९६२ आणि १९६५ ची युद्धे झाली, १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस गेला, आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. पावणेपाच रुपयांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. अशा वेळी देशातील लोकांच्या ठेवी कोणाच्या हातात होत्या? त्या मोठ्या उद्योगघराण्यांच्या प्रभावाखालील बँकांत होत्या. ठेवी गावोगावच्या, कर्जे मात्र त्यांच्याच गोतावळ्यातील कारखान्यांना. शेतीच्या वाट्याला एकूण कर्जातील शंभरात सुमारे दोन रुपये येत. बँका बुडतही होत्या. १९६० साली केरळची पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कोठे सरकार जागे झाले आणि १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. त्याची मर्यादा होती अवघी १,५०० रुपये. (ती २०२० साली पाच लाख झाली.)

१९ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँका वटहुकूम काढून ताब्यात घेतल्या. त्यामागे काँग्रेस पक्षातील भांडण होते हे खरे आहे. अर्थखाते तीनच दिवस आधी मोरारजी देसाईंकडून काढून घेण्यात आले होते. पुढे १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला आणि सरकारला चार दिवसांत नवा वटहुकूम काढावा लागला. राजकारण कोणतेही असो, परिणाम मोजता येतो. १९६९ साली देशात बँकांच्या सुमारे ८,३०० शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ग्रामीण भागात होत्या. पूर्वी सरासरी ६५ हजार लोकांमागे एक शाखा होती, ती १४ हजारांच्या आसपास लोकांमागे एक झाली. एप्रिल १९८० मध्ये आणखी सहा बँका सरकारने घेतल्या.

आपल्या दृष्टीने याचे दोन परिणाम फार मोठे झाले. सरकारी बँक म्हणजे शासनाचे अंग, म्हणून तेथील भरतीला राखीव जागांचे तत्त्व लागू झाले. झाडू मारणाऱ्याचा किंवा शेतमजुराचा मुलगा टाय लावून रोख मोजू लागला, पुढे शाखाधिकारी झाला. ज्या खासगी बँकेत त्याच्या बापाला दारापलीकडे जाण्याचे काम पडले नव्हते, तिच्याच तिजोरीची किल्ली त्याच्या हाती आली. दुसरा परिणाम कर्जाचा. १९७२ साली चार टक्के व्याजाची योजना आली आणि तीतील चाळीस टक्के कर्जे अनुसूचित जाती-जमातींना द्यावीत असे ठरले. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी हे कर्ज भीक घातल्यासारखे दिले गेले, हेही सांगितले पाहिजे. कायदा बदलला तरी काउंटरमागचा माणूस एका दिवसात बदलत नाही.

हा सारा विचार बाबासाहेबांनी स्वातंत्र्यापूर्वीच करून ठेवला होता. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, ते ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. मूलभूत आणि महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या मानाने विमा उतरविलाच पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. ज्यांची मालमत्ता घ्यायची त्यांना भरपाई म्हणून रोखे द्यावेत हेही होते. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण सी. डी. देशमुख अर्थमंत्री असताना १९५६ साली झाले, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत. पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा दुसरा आग्रह. ही व्यवस्था साध्या कायद्यात न ठेवता घटनेतच लिहावी, कारण साधा कायदा आजच्या बहुमताने होतो आणि उद्याच्या बहुमताने जातो. ते घटनेत आले नाही. म्हणून १९६९ चे बँक राष्ट्रीयीकरण हा साधा कायदा राहिला.

१९९१ साली पुन्हा संकट आले. आखातातील युद्धामुळे तेल महागले, परदेशात काम करणाऱ्यांच्या ठेवी निघून जाऊ लागल्या आणि देशाजवळ अवघ्या दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले. जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलरचे कर्ज उचलले. रुपया दोन हप्त्यांत उतरविण्यात आला. २४ जुलैला नवे औद्योगिक धोरण आले, सार्वजनिक क्षेत्रासाठी राखून ठेवलेले उद्योग १७ वरून ८ वर आले आणि त्याच वर्षी सरकारी कंपन्यांचे शेअर विकण्यास प्रारंभ झाला.

येथे विद्यार्थ्यांनी एक फरक नीट लक्षात घ्यावा. सोने गहाण ठेवले होते. कर्ज फेडले आणि सोने सुटले. आपल्या घरातही दवाखान्याचा खर्च निघाला की बायकोचे मंगळसूत्र गहाण पडते आणि पुढच्या बोनसला सुटते. कंपनीचे तसे नसते. ती एकदा गेली की गेली. शिवाय अडलेल्याच्या वस्तूला भाव मिळत नाही. १९९१-९२ मध्ये सरकारने ठरविलेल्या २,५०० कोटींऐवजी ३,०३८ कोटी रुपये मिळविले, पण ते कसे? चांगल्या आणि सुमार कंपन्यांचे शेअर एकत्र गाठोडी बांधून म्युच्युअल फंडांना आणि वित्तसंस्थांना दिले. भाजीवाली संध्याकाळी उरलेल्या वांग्यांबरोबर चांगले टोमॅटो घालून वाटा लावते, तसा हा प्रकार. किंमत फार कमी आली, असा ठपका पुढे महालेखापालांनी ठेवला. आणि मिळालेला पैसा त्या कंपन्यांच्या यंत्रसामग्रीत गेला नाही, अंदाजपत्रकाची तूट भरण्यात गेला.

यानंतर २००० पासून अख्ख्या कंपन्या विकण्याची पाळी आली. मॉडर्न ब्रेड गेली, २००१ साली बाल्को ही ॲल्युमिनियमची कंपनी गेली. बाल्कोच्या कोरबा येथील कामगारांनी ६७ दिवस संप केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० डिसेंबर २००१ रोजी निकाल लागला की कंपनी विकावी की नाही हा सरकारच्या आर्थिक धोरणाचा प्रश्न आहे, कामगारांना मालक बदलण्यास हरकत घेता येत नाही. कंपनी सरकारची असते तोवर तिच्या नोकरांना राज्यघटनेचे जे संरक्षण मिळते, ते विक्रीबरोबर जाते. राखीव जागांचेही तेच होते. मुंबई विमानतळाजवळचे सेंटॉर हॉटेल २००२ मध्ये ८३ कोटींना विकले गेले आणि खरेदीदाराने काही महिन्यांतच ते ११५ कोटींना दुसऱ्याला दिले. सरकारी मालाची किंमत कोण आणि कशी ठरवितो, हे त्यावरून कळले.

तथापि आमचे असे मुळीच म्हणणे नाही की सरकारने पाव भाजावेत आणि हॉटेले चालवावीत. त्यात गरिबाचे काही अडत नाही. एअर इंडियाचेही तसेच. टाटांची ती कंपनी १९५३ साली सरकारने घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटांकडे गेली. १८ हजार कोटींच्या त्या सौद्यात रोख फक्त २,७०० कोटी होते, बाकीचे कर्ज होते. दररोज कोट्यवधींचा तोटा जनतेच्या करातून भरून विमाने उडविण्यात आपल्या वस्तीचा फायदा कोणता होता, असे कोणी विचारले तर आमच्याकडे त्याला उत्तर नाही. फक्त तेथे ज्या राखीव जागा होत्या, त्या गेल्या, एवढे नोंदवून ठेवतो.

याच्या उलट उदाहरण तेल कंपन्यांचे. २००३ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकण्याचे ठरले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सरकारला थांबविले. या कंपन्या संसदेच्या कायद्याने घेतल्या आहेत, तेव्हा तो कायदा बदलल्याशिवाय त्या विकता येणार नाहीत, असा निकाल मिळाला. बँकांचेही तेच आहे. १९९४ च्या दुरुस्तीने बँकांचे शेअर विकण्यास वाट मिळाली, पण ५१ टक्के सरकारकडे राहिले पाहिजेत असे कायदा सांगतो. १ फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात, कोरोनाच्या संकटात, दोन सरकारी बँका विकण्याची घोषणा झाली. मार्चमध्ये आणि डिसेंबरमध्ये आम्ही बँक कर्मचारी प्रत्येकी दोन दिवस संपावर गेलो. हिवाळी अधिवेशनाच्या यादीत त्यासाठीचे विधेयक आले होते, ते मांडले गेले नाही. साधा कायदासुद्धा काही काळ आडवा येतो, तर घटनेतले कलम किती आडवे आले असते!

आता नाण्याची दुसरी बाजू. सरकार अडचणीत आले की विकते. खासगी मालक अडचणीत आले की काय होते? २००४ साली ग्लोबल ट्रस्ट बँक ही गाजलेली खासगी बँक कोसळली. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स या सरकारी बँकेने ती पोटात घेतली. मार्च २०२० मध्ये येस बँकेतून पन्नास हजारांपेक्षा अधिक रक्कम काढण्यास बंदी आली, तेव्हा स्टेट बँकेने सहा हजार कोटींहून अधिक रुपये घालून तिला उभे केले. काही खासगी बँकांनीही पैसे घातले, पण पुढे होण्याचे काम स्टेट बँकेलाच सांगण्यात आले. आपल्या दाभोळचा एन्रॉन प्रकल्प घ्या. महाग वीज परवडेना, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, कंपनी अमेरिकेत बुडाली आणि २००५ मध्ये एन.टी.पी.सी. व गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून तो सुरू करण्याची खटपट झाली. खासगीकरणाचे धडे जगाला देणाऱ्या इंग्लंडने २००८ मध्ये नॉर्दर्न रॉक ही बँक सरकारजमा केली आणि अमेरिकेच्या सरकारने ए.आय.जी. ही प्रचंड विमा कंपनी ताब्यात घेतली. म्हणजे फायदा असेपर्यंत धंदा मालकाचा आणि बुडू लागला की जनतेचा. याला धोरण म्हणावे की सोय म्हणावी, ते वाचकांनी ठरवावे.

मुंबईच्या कापड गिरण्यांची कथा यातलीच. या गिरण्या खासगी होत्या तेव्हा आपल्या माणसाला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होतो म्हणून जास्त मजुरीचे ते खाते सवर्णांसाठी राहिले. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. मालकांनी पुढे गिरण्या पिळून काढल्या, त्या आजारी पडल्या आणि १९७४ साली सरकारने देशातील १०३ आजारी गिरण्या घेतल्या. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या आणखी तेरा गिरण्या सरकारकडे आल्या. यंत्रे जुनी, माल खपेना, तोटा वाढत गेला. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकून सुमारे दोन हजार कोटी मिळविले आणि तेथे उंच इमारती उठल्या. दादरची इंदू मिल मात्र विकली गेली नाही. चैत्यभूमीजवळची ती जागा सरकारी मालकीची होती, म्हणूनच तिची मागणी सरकारकडे करता आली. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते आत शिरले, २०१२ मध्ये जागा देण्याचे जाहीर झाले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी तेथील सुमारे बारा एकरांवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले. ती जागा एखाद्या बिल्डरच्या नावावर असती तर मोर्चा कोणाच्या दारी न्यायचा होता?

बँकांच्या बाबतीत घाईने विकण्यात किती तोटा होता, हे आकडेच सांगतात. २०१८ च्या मार्चमध्ये सरकारी बँकांची शंभरातली साडेचौदा रुपयांहून अधिक कर्जे बुडीत खात्यात होती आणि त्या वर्षीचा एकत्रित तोटा ८५ हजार कोटींच्या वर गेला. बुडविणारे कोण? म्हशीसाठी कर्ज घेणारे नव्हते, हजारो कोटी उचलणारे होते. ती कर्जे आमच्याच वरिष्ठांनी, वरून फोन आल्यावर, मंजूर केली हेही खरे आहे. सरकारने बँकांना भांडवल पुरविले, वसुली झाली, २७ बँकांच्या विलीनीकरणाने १२ झाल्या. आणि २०२३-२४ मध्ये याच बँकांना १ लाख ४१ हजार कोटींचा, तर २०२४-२५ मध्ये १ लाख ७८ हजार कोटींचा नफा झाला. २०१८ साली त्या विकल्या असत्या तर कोणत्या भावाने गेल्या असत्या याचा हिशेब शाळेतला मुलगाही करील. जनधन खाती २०२३ मध्ये पन्नास कोटींवर गेली. त्यांत खासगी बँकांचा वाटा शंभरात तीनच्या आसपास आहे. खुर्ची देणारी बँक कोणाला खुर्ची देते ते त्यावरून कळावे.

मात्र समाजबांधवांचे सारे लक्ष विक्रीकडे असते आणि नुकसान दुसऱ्या दाराने होते, हे आम्हाला आवर्जून सांगायचे आहे. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख बँक कर्मचारी घरी गेले. त्यानंतर बरीच वर्षे भरती आखडली. शिपाई आणि सफाई कामगार यांची कायम भरती बहुतेक बँकांत जवळजवळ थांबली. याच चौथ्या श्रेणीतून आपली पहिली पिढी बँकेत शिरली होती, परीक्षा देऊन लिपिक झाली होती आणि मुलांना कॉलेजात घालू शकली होती. आता ते काम ठेकेदाराची माणसे करतात. एकही शेअर विकला गेलेला नाही, बँक सरकारीच आहे, पण राखीव जागा पदाला असते आणि येथे पदच उरलेले नाही. ठेकेदाराने पाठविलेल्या माणसांना बिंदुनामावली सहसा लागत नाही.

संस्थेच्या अभ्यासिकेत बँक परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना म्हणून आम्ही एक काम सुचवितो. जाहिरात आली की अर्जाची शेवटची तारीख पाहून ती बाजूला टाकू नये. मागच्या चार-पाच वर्षांच्या जाहिराती शेजारी ठेवाव्यात, महाराष्ट्रात एकूण जागा किती, अनुसूचित जातीच्या किती, मागचा अनुशेष दाखवला आहे का, हे वहीत उतरवून घ्यावे. हा तक्ता अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावा आणि कर्मचारी संघटनांकडे जाताना सोबत न्यावा. शाखेत गेल्यावर पहारेकरी, शिपाई आणि झाडणारी बाई यांना त्यांचा पगार कोणाकडून येतो, तेवढेही विचारावे. त्यांच्या जागा कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाहीत.